सेंट हेलेना : सभागृह जेम्सटाउनमध्ये, तिजोरी लंडनमध्ये

शनिवार

जोहान्सबर्गहून सकाळी सुटलेले एअरलिंकचे एम्ब्राएर विमान नामिबियातील वॉल्विस बे येथे इंधन भरण्यासाठी उतरले, तेव्हा शेजारच्या आसनावरील वृद्ध गृहस्थांनी या थांब्याचे कारण मी न विचारताच सांगितले. पुढच्या वाटेवर दक्षिण अटलांटिक महासागरात जवळपास दुसरा विमानतळच नाही. सेंट हेलेनावर वारा प्रतिकूल असेल, तर विमानाला तसेच मागे फिरून आफ्रिकेचा किनारा गाठता यावा, एवढे इंधन बरोबर घेऊनच निघावे लागते. हे गृहस्थ केप टाउनला उपचार घेऊन घरी परतत होते. बेटावर रुग्णालय आहे, परंतु मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला समुद्रापार पाठवावे लागते आणि तो खर्च बेटाच्या सरकारी अंदाजपत्रकात दरवर्षी ठळकपणे दिसतो.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे जिल्हा परिषदांच्या अनुदानाचे हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे कोणत्याही नव्या गावी गेल्यावर इथला खर्च कोण भागवतो, हाच प्रश्न मला आधी पडतो. सेंट हेलेनाच्या बाबतीत त्याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १९०० किलोमीटरवर, जेमतेम १२० चौरस किलोमीटरच्या या ब्रिटिश बेटावर सुमारे ४४०० माणसे राहतात आणि त्यांच्या सरकारच्या आवर्ती खर्चाचा मोठा हिस्सा ब्रिटन उचलते. ही रक्कम अलीकडे वर्षाला ढोबळमानाने ३ कोटी पौंडांच्या घरात असते. ज्या सरकारचा खर्च दुसरा भागवतो, त्या सरकारला राज्यघटना काय देते आणि काय देऊ शकत नाही, हे प्रत्यक्ष पाहावे, एवढ्यासाठी मी निघालो होतो.

विमान उतरताना खिडकीतून आधी फक्त कडे दिसले, मग एकाएकी काँक्रीटची धावपट्टी आली. जेम्सटाउनपर्यंतच्या वळणावळणाच्या रस्त्यावर टॅक्सीचालकाने आपली नोकरीची हकिकत सांगितली. काही वर्षे असेन्शन बेटावर, नंतर फॉकलंडमध्ये (ही दोन्हीही ब्रिटनचीच अटलांटिकमधील बेटे), अधूनमधून घरी. येथील माणसे स्वतःला ‘सेंट’ म्हणवतात आणि बहुतेक प्रत्येक सेंट कुटुंबातले कोणी ना कोणी याच वाटेने गेलेले असते.

रविवार

दुकाने बंद, रस्ते रिकामे. दोन उघड्याबोडक्या डोंगरांच्या मधल्या घळीत वसलेले जेम्सटाउन पायी पाहायला तासभर पुरतो. समुद्राकडील तटाच्या वेशीतून आत आले की डाव्या हाताला ‘कासल’, म्हणजे सरकारचे मुख्यालय, आणि समोर सेंट जेम्सचे चर्च, ज्याची आजची इमारत १७७४ सालची आहे. उजवीकडच्या डोंगरावर सरळ चढत जाणारा ६९९ पायऱ्यांचा ‘जेकब्स लॅडर’ मी निम्म्यावर सोडला आणि खाली बसून गावाकडे पाहत राहिलो.

हे गाव ईस्ट इंडिया कंपनीने वसवले. १६५९ मध्ये कंपनीची माणसे येथे उतरली. पुढे डचांनी बेट काही महिने बळकावले, इंग्रजांनी ते १६७३ मध्ये परत घेतले आणि दुसऱ्या चार्ल्स राजाने नव्या सनदेने ते कंपनीच्या हवाली केले. याच राजाने पाच वर्षे आधी, १६६८ मध्ये, वर्षाला १० पौंड भाड्याने मुंबई याच कंपनीला दिली होती. म्हणजे मुंबई आणि जेम्सटाउन एकाच मालकाच्या दोन ठाण्यांप्रमाणे वाढत होती. पूर्वेकडून मायदेशी परतणारी कंपनीची जहाजे पाणी, भाजीपाला आणि सोबतीची जहाजे मिळावीत म्हणून येथे थांबत. १८०३ मध्ये जालन्याजवळच्या असईला शिंदे व भोसल्यांच्या फौजांना हरवणारा आर्थर वेलस्ली १८०५ मध्ये हिंदुस्थान सोडून निघाला, तेव्हा तोही याच बेटावर थांबला होता. त्यानंतर दहा वर्षांनी त्याने वॉटर्लूला ज्याला हरवले, तो नेपोलियन येथेच आणला गेला, हा योगायोग सांगितल्याशिवाय येथील कोणताही वाटाड्या राहत नाही.

मुंबईशी असलेला दुसरा धागा इतका सुखाचा नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. मुंबई युरोपच्या जवळ आली, बंदराची भरभराट झाली, हे आपण शाळेपासून वाचतो. त्याच घटनेची दुसरी बाजू या घळीत दिसते. १८५५ मध्ये सुमारे ११०० जहाजे येथे लागत असत, ती संख्या १८८९ मध्ये २८८ वर आली. बेटाने काही चुकीचे केले नव्हते, रस्ताच दुसरीकडून गेला होता.

रात्री मुक्कामाच्या घरातील बाईंनी ‘प्लो’ वाढला. भात, मांस, भाज्या आणि करी पावडर एकाच भांड्यात शिजवलेला हा पदार्थ म्हणजे पुलावच आहे, हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती. तो जहाजांबरोबर हिंदुस्थानातून आला असावा, असे त्यांनीच मला सांगितले.

सोमवार

कासलच्या आवारातील अभिलेखागारात १६७३ पासूनचे कंपनीचे दप्तर आहे. सकाळ तेथे गेली. गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलच्या बैठकांचे वृत्तांत चाळताना मला जी गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली ती अशी, की येथील पहिल्या राज्यकर्त्यांपासून सगळेच दूरच्या मालकाला खर्चाचे समर्थन करत आले आहेत. बेट कंपनीला कधी फायद्याचे झाले नाही. ते ठेवणे भाग होते म्हणून ठेवले, आणि ठेवणे भाग असूनही प्रत्येक पै खटकत राहिली. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापार संपला तसे हे बेटही २२ एप्रिल १८३४ पासून राजसत्तेकडे गेले. कंपनीचे पगारदार लष्कर आणि कारकून कामावरून कमी झाले आणि अनेक कुटुंबे केपला निघून गेली.

दुपारी राज्यघटनेच्या वाटचालीची टिपणे काढली. ती थोडी विस्ताराने मांडतो, कारण येथील विचित्र वळणे बाहेरच्या माणसाला सहज समजत नाहीत.

१९६७ मध्ये सल्लागार मंडळाच्या जागी विधान परिषद आली. १९८९ मध्ये बेटाला पहिली नीट मांडलेली घटना मिळाली. १ सप्टेंबर २००९ पासून आजची घटना लागू झाली. तिने मूलभूत हक्कांचे प्रकरण आणले आणि असेन्शन व ट्रिस्टन दा कुन्या ही बेटे, जी तोवर सेंट हेलेनाची ‘अवलंबित’ म्हणवली जात, त्यांना बरोबरीचा दर्जा दिला. विधान परिषदेत १२ निवडून आलेले सदस्य असतात. संपूर्ण बेट हा एकच मतदारसंघ आहे आणि कारभार व्यवहारात पक्षांविना चालतो. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, पोलिसांसह अंतर्गत सुरक्षा आणि सरकारी नोकरवर्ग गव्हर्नरच्या हातात आहेत. शिवाय राजाला प्रिव्ही कौन्सिल या आपल्या सल्लागार मंडळामार्फत बेटासाठी थेट कायदा करण्याचा अधिकार राखून ठेवलेला आहेच. तो अधिकार कागदावरच राहतो असेही नाही. कॅरिबियनमधील टर्क्स आणि केकॉस बेटांची घटना भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून लंडनने २००९ मध्ये अंशतः स्थगित केली होती आणि निवडून आलेले सरकार तेथे २०१२ मध्येच परत आले.

खरी गोष्ट पुढेच आहे. मंत्रिमंडळाची पद्धत असलेल्या घटनेचा मसुदा २००५ मध्ये मतदारांपुढे आला, तेव्हा तो थोड्या फरकाने नाकारला गेला. २०१३ मध्ये त्याहून सौम्य प्रस्ताव आला. सदस्यांमधून एक ‘मुख्य कौन्सिलर’ असावा, एवढेच त्यात होते. त्याला ४२ मते पडली, विरोधात १५८. अखेर मार्च २०२१ च्या कौलात, अत्यल्प मतदानात, मंत्रिमंडळाची पद्धत मान्य झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवडणूक होऊन ज्युली थॉमस या पहिल्या मुख्यमंत्री झाल्या. आता सदस्य आपल्यातून मुख्यमंत्री निवडतात, मुख्यमंत्री आणखी चार मंत्री सुचवतात आणि उरलेले सदस्य समित्यांमधून त्यांच्यावर लक्ष ठेवतात.

जनतेला अधिक अधिकार देऊ केले आणि जनतेनेच ते दोनदा परत केले, हे पाहून लंडनच्या वृत्तपत्रांत ‘बेटावरची उदासीनता’ असा शब्द वापरणे सोपे आहे. मला ते पटत नाही. ज्या मंत्र्याला शाळेतल्या शिक्षकांची संख्या वाढवण्यासाठी दुसऱ्या खंडातील अधिकाऱ्याची मान्यता लागते, तो मंत्री निवडून देण्याची घाई मतदाराला का असावी? जुन्या समितीपद्धतीत निदान दोष कोणा एकाच्या माथी बसत नव्हता. मंत्रिपद आले की शिव्या खायला माणूस मिळतो, पैसा मात्र जिथे होता तिथेच राहतो. १५८ विरुद्ध ४२ या आकड्यांत मला उदासीनतेपेक्षा व्यवहारज्ञान अधिक दिसते.

मंगळवार

बेटाच्या मध्यभागी, डायनाज पीककडे चढत जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तलवारीसारखी लांब पाने असलेले झाड डोंगरउतार व्यापून उभे आहे. हे न्यूझीलंडचे फ्लॅक्स. सुएझनंतर ओस पडलेल्या बेटाला काही उद्योग मिळावा म्हणून ते एकोणिसाव्या शतकात लावले गेले आणि विसाव्या शतकात त्याच्या धाग्यावर गिरण्या चालल्या. या धाग्याचे मोठे गिऱ्हाईक होते ब्रिटिश टपाल खाते, ज्याच्या थैल्या आणि पुडकी बांधायला दोरी लागत असे. टपाल खात्याने कृत्रिम धाग्याची दोरी घेण्याचे ठरवले आणि १९६६ मध्ये शेवटची गिरणी बंद पडली.

टिपणवहीत मागच्या दिवशीची पाने उलटून पाहिली. बेटाचा एकमेव उद्योग १९६६ मध्ये संपला आणि विधान परिषद १९६७ मध्ये आली. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध नाही. परंतु जे सभागृह पहिल्यांदा भरले, त्याच्यापुढे वाटण्यासाठी स्वतःचे असे जवळजवळ काहीच उरले नव्हते, हेही तितकेच खरे. गिरणी बंद करणारा निर्णय लंडनच्या एका खात्याने आपल्या बचतीसाठी घेतला, त्यानंतरचे अनुदान लंडनचे दुसरे खाते देत राहिले आणि दोन्ही खर्च एकाच ताळेबंदात कोणी मांडून पाहिले नाहीत.

नेपोलियनला जिथे कैदेत ठेवले होते, त्या लाँगवुड हाऊसविषयी थोडक्यात सांगतो, कारण नेपोलियनवर लिहिणारे पुष्कळ आहेत. हे घर आणि कबरीची दरी १८५८ पासून फ्रान्सच्या मालकीची आहे. कबर रिकामी आहे, अस्थी १८४० मध्ये पॅरिसला नेल्या. मला तेथे वेगळाच विचार सुचला. नेपोलियनच्या पहाऱ्यासाठी हजारोंच्या संख्येने शिपाई आणि खलाशी आले, तेव्हा बेटावर पैसा खेळू लागला, आणि ५ मे १८२१ ला तो वारल्यावर ते सगळे निघून गेले. पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी लोकांना उतरवण्यासाठी ब्रिटिश आरमाराने येथे ठाणे केले. १९०० पासून दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धातील सुमारे ६००० कैदी आणले गेले. १८९९ मध्ये केप टाउनहून तारेची केबल आली, पण तीही साम्राज्याच्या गरजेसाठी. प्रत्येक वेळी बेटावर खर्च झाला तो कोणा दुसऱ्याच्या कामासाठी, आणि ते काम संपताच थांबला. बेटाच्या स्वतःच्या गरजेसाठी झालेला पहिला मोठा खर्च म्हणावा तो विमानतळाचा.

परतताना एका मळ्यावर कॉफी घेतली. १७३३ मध्ये कंपनीच्या जहाजाने येमेनमधील मोखाहून आणलेल्या बियांची ही झाडे आहेत. उत्पादन इतके थोडे आहे की निर्यात म्हणून तिचे कौतुक करता येते, तिच्यावर अंदाजपत्रक उभे करता येत नाही.

बुधवार

आजचा दिवस रूपर्ट्सच्या दरीत आणि तेथून वर विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेला. येथे साहाय्यनीतीचे चांगले-वाईट सगळे एकाच नजरेत मावते, म्हणून मी येथे सर्वांत जास्त वेळ घालवला.

२००२ मध्येही बेटावर यायचे तर आर.एम.एस. सेंट हेलेना या एकाच जहाजाने, आणि केप टाउनहून लागत सुमारे पाच दिवस. जहाज जुने होत होते, दरवर्षी त्याच्यासाठीही अनुदान द्यावे लागत होते. त्या वर्षी घेतलेल्या कौलात बेटाने नव्या जहाजाऐवजी विमानतळ मोठ्या बहुमताने निवडला. लंडनने २००५ मध्ये विमानतळ जाहीर केला, २००८ च्या अखेरीस आर्थिक मंदीचे कारण देऊन थांबवला आणि २०१० मध्ये सरकार बदलल्यावर पुन्हा मान्य केला. मान्यता बिनशर्त नव्हती. त्या वर्षीच्या सामंजस्य करारात बेटाने परकी गुंतवणुकीला वाट मोकळी करावी, करपद्धती बदलावी, सरकारी खर्चाची पुनर्रचना करावी, अशा अटी होत्या, आणि त्यानुसार कायदे बदलले गेले. घटनेचे पुस्तक कासलमध्ये मिळते, पण २०१० नंतरची काही वर्षे बेटाचा कारभार ज्या दस्तऐवजाने ठरला, तो हा करार होता, असे माझे मत झाले. त्याच्यावर सभागृहात चर्चा होऊ शकत होती. तो नाकारण्याची ऐपत मात्र सभागृहापाशी नव्हती.

बांधकामाचे काम २०११ मध्ये बेसिल रीड या दक्षिण आफ्रिकी कंपनीला मिळाले आणि एकूण खर्चाची तरतूद सुमारे २८ कोटी ५० लाख पौंडांची झाली, म्हणजे बेटावरील माणशी साठ हजार पौंडांहून अधिक. जहाजातून यंत्रे उतरवायला धक्का नव्हता, म्हणून आधी रूपर्ट्सच्या खाडीत सोय केली. तेथून प्रॉस्परस बे प्लेनपर्यंत सुमारे १४ किलोमीटरचा रस्ता कापला. ‘ड्राय गट’ नावाची अख्खी दरी सुमारे ८० लाख घनमीटर दगडमातीने भरून काढली आणि तिच्यावर सुमारे १९५० मीटरची धावपट्टी टाकली. त्या भरावाच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की अभियंत्यांना नमस्कार करावासा वाटतो.

मग एप्रिल २०१६ मध्ये बोइंग ७३७ चे चाचणी-उड्डाण झाले आणि कड्यावरून फिरणाऱ्या वाऱ्याचे झोत उतरत्या विमानाला धोकादायक ठरतात, हे सर्वांपुढे आले. मे महिन्यातले उद्घाटन पुढे गेले. ब्रिटनच्या लेखापरीक्षण कार्यालयाने आणि संसदेच्या लोकलेखा समितीने त्याच वर्षी सरकारला कठोर शब्दांत जाब विचारला. येथे वारा असतो हे बेटावरच्या कोणालाही विचारले असते तरी कळले असते. वर्तमानपत्रांनी ‘जगातील सर्वांत निरुपयोगी विमानतळ’ असे नाव ठेवले, आणि ते नाव अजूनही येथे कोणी उच्चारले तर समोरच्याचा चेहरा बदलतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये लहान विमानाने नियमित सेवा सुरू झाली, फेब्रुवारी २०१८ मध्ये जहाज निवृत्त झाले. मूळ प्रस्तावात २०४२ पर्यंत वर्षाला सुमारे ३० हजार पर्यटक येतील, असा अंदाज होता. आठवड्याला एखाददुसऱ्या फेरीच्या हिशेबाने तो आकडा कधी गाठायचा, हे त्रैराशिक कोणीही मांडून पाहावे.

तरीही या प्रकल्पाला उधळपट्टी म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. विमानातल्या त्या वृद्ध गृहस्थांना जहाजाने केप टाउन गाठावे लागले असते, तर ते परतीच्या प्रवासात माझ्या शेजारी बसले असते की नाही, याची शंका आहे. दोष विमानतळ बांधण्यात नव्हता. ‘एकदा मोठी रक्कम देऊ, म्हणजे पुढे द्यावे लागणार नाही’ हे गृहीतक त्याच्या मुळाशी घातले, तिथे हिशेब चुकला. अनुदान संपवण्याचे साधन म्हणून ज्याचे समर्थन केले, त्याच विमानतळाला चालवण्यासाठी आज अनुदान लागते.

त्याच खाडीत गूगलची ‘इक्वियानो’ ही समुद्राखालची केबल २०२१ मध्ये आणली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिच्यावरून बेटाची इंटरनेट सेवा चालते. तिची शाखा बेटापर्यंत आणण्याचा पैसा युरोपीय संघाच्या विकास निधीतून आला होता, म्हणजे ब्रिटन संघातून बाहेर पडण्याच्या सुमारास बेटाला त्या निधीतले हे शेवटचे मोठे दान मिळाले. ब्रेक्झिटच्या सार्वमतात सेंट हेलेनाला मत नव्हते.

रस्त्यासाठी खोदताना याच दरीत गुलामांच्या जहाजांवरून उतरवलेल्या आफ्रिकी माणसांची दफनभूमी लागली. १८४० ते १८७२ या काळात पंचवीस हजारांच्या आसपास माणसे येथे आणली गेली आणि हजारो येथेच मरण पावली. वर काढलेल्या ३२५ जणांचे अवशेष २०२२ मध्ये पुन्हा पुरले गेले. तोवर ते अवशेष खोक्यांत भरून वर्षानुवर्षे जेम्सटाउनमध्ये पडून होते. धावपट्टीसाठी कोट्यवधी मिळाले, पण या माणसांच्या नीट दफनासाठी तरतूद व्हायला एवढी वर्षे लागली, हे कोणत्याही लेखापरीक्षणात येत नाही.

गुरुवार

प्लँटेशन हाऊस हे गव्हर्नरचे निवासस्थान. पर्यटक तेथे जातात ते मुख्यतः जोनाथनसाठी. १८३२ च्या सुमारास जन्मलेले हे कासव हिरवळीवर शांतपणे चरत होते. कंपनीचा अंमल संपण्याच्या सुमारास जन्मलेला हा प्राणी आतापर्यंतचे सर्व गव्हर्नर पाहून बसला आहे, असा विनोद येथे प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात आणि प्रत्येक पाहुणा तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसतो. मीही हसलो.

त्याच दुपारी नागरिकत्वाची जुनी जखम समजून घेता आली. १६७३ च्या सनदेत बेटावरील रहिवासी आणि त्यांचे वंशज इंग्लंडमध्ये जन्मल्यासारखेच मानले जातील, असे वचन होते. १९८१ च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्याने सेंट लोकांचा ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क गेला. लक्ष्य होते ते हाँगकाँगमधून येऊ शकणाऱ्या लाखो लोकांचे, पण त्या जाळ्यात हे काही हजार लोकही सापडले. अर्जेंटिनाशी १९८२ मध्ये झालेल्या युद्धानंतर फॉकलंडवासीयांना तो हक्क १९८३ मध्येच परत मिळाला, हे येथे कोणी विसरलेले नाही. बिशपच्या पुढाकाराने १९९२ मध्ये एक आयोग स्थापन झाला, बेटाने दहा वर्षे पाठपुरावा केला आणि २१ मे २००२ रोजी, बेटाच्या शोधाला पाचशे वर्षे झाली त्या दिवशी, नागरिकत्व परत मिळाले. त्याचा परिणाम आकड्यांत पाहावा. १९९८ च्या जनगणनेत पाच हजारांवर असलेली लोकसंख्या २००८ मध्ये सव्वाचार हजारांच्या आसपास आली. हक्क मिळाल्याबरोबर तरुणांनी तो वापरला, आणि सभागृहाला मतदार, रुग्णालयाला परिचारिका, शाळेला शिक्षक कमी पडू लागले. त्यांच्या जागी ब्रिटनहून कराराने आणलेल्या अधिकाऱ्यांचे पगार स्थानिक माणसापेक्षा कितीतरी जास्त असतात. त्याविषयी बेटावर उघडपणे, पण सभ्य शब्दांत बोलले जाते.

शुक्रवार

मुक्कामाच्या घरातील बाईंनी त्यांच्या शेजारी राहणाऱ्या एका माजी कौन्सिलरांशी गाठ घालून दिली. ते व्हरांड्यात बसून बराच वेळ बोलले, आणि बहुतेक वेळ अंदाजपत्रकावरच.

त्यांनी सांगितलेली पद्धत अशी. दरवर्षी लंडनच्या परराष्ट्र खात्याचे आर्थिक पथक येते किंवा दूरध्वनीवर बसते, खात्याखात्याचे आकडे तपासते आणि मग लंडनमधील मंत्री रक्कम ठरवतात. त्या रकमेच्या आधाराने बेटाचे अर्थमंत्री मार्चमध्ये अंदाजपत्रक मांडतात. २०२० पर्यंत गव्हर्नर परराष्ट्र खात्याचे आणि पैसा आंतरराष्ट्रीय विकास खात्याचा, असा दुहेरी मामला होता. त्या वर्षी दोन्ही खाती एक झाली. आता आज्ञा आणि अनुदान एकाच दारातून येतात. माझ्या मते याने कागदपत्रे कमी झाली असतील, पण बेटाला दाद मागण्याची दुसरी जागा उरली नाही.

तत्त्व मात्र उदार आहे. ब्रिटिश सरकारने १९९९ च्या श्वेतपत्रिकेपासून असे मान्य केले आहे, की या प्रदेशांच्या रास्त गरजांचा विकासनिधीवर पहिला हक्क आहे. २००२ च्या विकासविषयक कायद्यातही सागरापलीकडील प्रदेशांना मदत देताना दारिद्र्यनिर्मूलनाची अट लावलेली नाही. ‘रास्त’ किती, हे ठरवण्याचे काम मात्र देणाऱ्याकडेच राहिले. त्यातच हा निधी लहान होत चालला आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के असलेले प्रमाण २०२१ पासून ०.५ वर आले आणि २०२७ पर्यंत ते ०.३ वर आणण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली.

स्वातंत्र्याचा विषय मी काढला, तेव्हा ते नुसते हसले. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतमुक्ती समितीच्या यादीत सेंट हेलेना आजही आहे आणि त्या समितीवर भारतही आहे. बेटावर कोणी स्वातंत्र्य मागत नाही. फॉकलंडला मासेमारीच्या परवान्यांचे उत्पन्न आहे, म्हणून तेथील सभागृह संरक्षण सोडून आपला खर्च आपण भागवते आणि गव्हर्नरशी बरोबरीने बोलते. अडीचशेच्या आतबाहेर वस्तीच्या ट्रिस्टनचा रोजचा खर्चही लॉबस्टरच्या विक्रीतून बराचसा निघतो. असेन्शनवर लष्करी तळ, ॲन्टेना आणि नोकऱ्या आहेत, पण तेथे कायम राहण्याचा हक्क कोणालाच नाही, तिथे जन्मलेल्यालाही नाही. ज्वालामुखीने राजधानी गाडलेले कॅरिबियनमधील मॉन्सेरॅट आणि पन्नासही माणसे नसलेले पिटकेर्न, एवढेच काय ते सेंट हेलेनाचे अनुदानातले सोबती.

मग त्यांनी मला उलट विचारले, की भारतात राज्यांना केंद्राकडून मिळणारा पैसा कोण ठरवते. मी घटनेच्या २८० व्या कलमाखालील वित्त आयोगाविषयी सांगितले. दर पाच वर्षांनी नेमला जाणारा आयोग, राज्यांची बाजू ऐकून घेण्याची पद्धत, संसदेपुढे ठेवला जाणारा अहवाल, आणि त्याच धर्तीवर पंचायती व नगरपालिकांसाठी असलेले राज्यांचे आयोग. राज्यांचे हे आयोग वेळेवर नेमले जात नाहीत आणि नेमले तरी त्यांचे अहवाल कपाटात राहतात, हेही मी लपवले नाही. त्यांना त्याचे काही वाटले नाही. अहवाल कपाटात का होईना, पण तो मागण्याचा अधिकार घटनेत लिहिलेला आहे ना, एवढेच त्यांनी दोनदा विचारून पक्के करून घेतले. २०२१ च्या दुरुस्तीच्या वेळी मंत्री किती असावेत, त्यांना कसे काढावे, यावर पुष्कळ चर्चा झाली. अनुदान कोणत्या सूत्राने ठरावे आणि किती वर्षांसाठी बांधलेले असावे, हा विषय मात्र घटनेच्या कक्षेतच धरला गेला नाही, ही त्यांची तक्रार होती.

शनिवार

विमानतळाच्या प्रतीक्षागृहात निरोप द्यायला आलेल्यांची संख्या जाणाऱ्यांपेक्षा जास्त होती. फॉकलंडमध्ये कामाला निघालेली दोन मुले आपल्या आजीशेजारी बसली होती. वाऱ्यामुळे विमान येण्यास थोडा उशीर झाला, पण ते आले. कलम २८० चा मजकूर पाठवण्याचे मी त्या माजी कौन्सिलरांना कबूल केले होते. नव्या केबलमुळे तो मी प्रतीक्षागृहातूनच पाठवू शकलो. विमानात बसण्यापूर्वीच त्यांचे उत्तर आले. राज्यांच्या आयोगांविषयीचे कलमही हवे, कारण सेंट हेलेनाची तुलना राज्याशी करण्यापेक्षा नगरपालिकेशी केली तर लंडनला ती अधिक सहज पटेल, असे त्यांनी कळवले होते. मी २४३ झ आणि २४३ म ही दोन्ही कलमे त्यांना पाठवून दिली.